सरकारी जिऑलॉजिस्ट आणि खाणपट्ट्यातलं पाणी: हे काम खरंच कसं असतं?

गोंडवाना_गोट्या
नमस्कार मंडळी. नागपूरला एमएस्सी जिऑलॉजी झालं, आता यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट देतोय, हायड्रोजिऑलॉजीवाला (भूजलाचा) स्ट्रीम, म्हणजे लागलोच तर केंद्रीय भूजल मंडळात सायंटिस्ट बी. राज्याच्या जीएसडीएची (भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा) जाहिरात निघाली तर तीपण भरणार. मधेच एका खाणकंपनीची ऑफर आलीय, पगार बरा आहे, घरचे म्हणतात डोळे झाकून घे. पण माझं डोकं अडकलंय पाण्यात, डिझर्टेशन कोळसापट्ट्यातल्या विहिरींवरच केलं होतं. तर जे कोणी सरकारी नोकरीत खाणींचा पाण्यावर होणारा परिणाम तपासायचं काम करतात किंवा केलंय त्यांनी सांगा की रोज नेमकं काय करता, फील्ड किती आणि फाइल किती, आणि सगळ्यात मेन म्हणजे त्या रिपोर्टचं पुढे काही होतं का की कपाटात जातो? कॉलेजात पायपर डायग्राम (पाण्यात कोणते क्षार किती प्रमाणात ते दाखवणारा आलेख) काढायला शिकवलं, बाकी कोणी काही सांगत नाही.

हातोडा_आणि_भिंग
रिटायर होऊन काही वर्षं झाली, आता बोलायला मोकळा. विदर्भातच बरीच नोकरी गेली.

फील्ड म्हणजे काय ते आधी सांगतो. मे महिना, चंद्रपूरकडे ४६ डिग्री, जीपच्या बॉनेटवर पीएच मीटर आणि ४, ७, १० चे बफर मांडून कॅलिब्रेशन चाललंय आणि बॉनेटला हात लावला तर फोड येईल अशी अवस्था. आजूबाजूला गावातली पंधरावीस माणसं, प्रत्येकाला विचारायचंय साहेब पाणी चांगलं आहे का. आणि उत्तर तुझ्याकडे नसतं, कारण जागेवर फक्त पीएच, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचा अंदाज) आणि तापमान कळतं, बाकी लॅबमध्ये.

आता माझी एक चूक सांगतो, पुस्तकात आहे पण चूक केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. नोकरीचं दुसरं वर्ष. ओबीच्या, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या, डोंगराला लागून एक गाव, तिथल्या हापशीचं पाणी भरलं, बाटलीत एकदम काचेसारखं स्वच्छ. एक आजी म्हणाली, साहेब या पाण्यानं माझी लुगडी पिवळी पडतात. मी म्हटलं बघू. नमुन्यात नायट्रिक ॲसिड घातलं की धातू विरघळलेलेच राहतात, पण त्या दिवशी ती बाटली ऑफिसातच राहिली होती, म्हटलं एक दिवस काय फरक पडतो. मुक्कामी पोचेपर्यंत बाटलीच्या तळाला तांबूस गाळ बसला. जमिनीखाली लोह विरघळलेलं असतं, हवा लागली की गंजून खाली बसतं. लॅबवाल्यानं वरचं निवळ पाणी घेतलं आणि रिपोर्ट आला लोह मर्यादेत! माझ्या सहीनं. पुढच्या फेरीला आजीनं ते लुगडं आणून माझ्या हातात दिलं, काही बोलली नाही. तेव्हापासून धातूंसाठी वेगळी बाटली, जागेवर ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, ॲसिड घालून पीएच २ च्या खाली, हे झाल्याशिवाय मी विहिरीवरून हललो नाही. हापशीचं पहिलं पाणी पण घ्यायचं नाही, पाइपात साचलेलं असतं, आधी पाच-दहा मिनिटं हापसायचं. घाम तुझाच.

रानवाट_७
सध्या नोकरीत आहे, कुठे ते विचारू नका 😄

काकांनी फील्ड सांगितलं, मी फाइल सांगते. साठ टक्के वेळ ऑफिस, आणि हे मी कमीच सांगतेय. डेटा एक्सेलमध्ये भरणे, आयन बॅलन्स काढणे (पाण्यातल्या धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळते का ते, पाच टक्क्यांच्या वर एरर आला की लॅबशी भांडण), कोर्ट मॅटर आलं तर रातोरात टिपणी, विधानसभेचा प्रश्न आला तर सगळं सोडून तो. शिवाय निरीक्षण विहिरींची मोजणी, जीएसडीएची ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशी वर्षातून चार वेळा होते, ती टळत नाही.

खाणीचं वेगळं असं की सगळे शेवटी एकच विचारतात, हे खाणीमुळे झालं का, हो की नाही. आणि आपल्याकडचं खाणीचं पाणी सिनेमातल्यासारखं हिरवं-पिवळं नसतं. मेघालयात जयंतिया हिल्सला कोळशात गंधक खूप, पायराइटला (लोह-गंधकाचं खनिज) हवापाणी लागलं की थेट सल्फ्युरिक ॲसिड, तिथल्या ओढ्यांचा पीएच तीनच्या आसपास जातो, मासा टिकत नाही. आपला विदर्भातला गोंडवाना कोळसा कमी गंधकाचा, वर खडकातलं कार्बोनेट ॲसिड मारून टाकतं, त्यामुळे पीएच बऱ्याचदा सात-आठच दिसतो आणि लोक म्हणतात बघा सगळं ठीक. पण ॲसिड मेलं तरी सल्फेट पाण्यातच राहतं, हार्डनेस (पाण्याचा जडपणा) पण वाढतो. म्हणून मी पीएच नंतर बघते, आधी सल्फेट आणि बायकार्बोनेटची जोडी बघते. साध्या विहिरीत बायकार्बोनेट वरचढ असतं, खाणीकडे सरकत गेलं की सल्फेट डोकं वर काढतं, तुझ्या पायपर डायग्रामवर ठिपके हळूहळू एका बाजूला चालत जाताना दिसतात. ते बघायला मला अजूनही आवडतं, खोटं कशाला बोलू.

दुसरं म्हणजे नायट्रेट. ब्लास्टिंगला अमोनियम नायट्रेट वापरतात, ते पाण्यात उतरतं. पण शेतात युरिया पण पडतोच ना, मग कोणाचं ते सांग! आणि रिपोर्ट वाचताना जपून, कोळसा खाणीच्या सांडपाण्याला मर्यादा आहे नायट्रेट नायट्रोजन १०, पिण्याच्या पाण्याला नायट्रेट ४५. दोन्ही आकडे (लिटरला मिलिग्रॅम) जवळपास एकच आहेत, फक्त मोजायची रीत वेगळी, पहिल्यात नुसत्या नायट्रोजनचं वजन, दुसऱ्यात अख्ख्या नायट्रेटचं. मी नवीन असताना यात भर मीटिंगमध्ये तोंडावर पडलेय.

वावरातला_विन्या
मी जिऑलॉजिस्ट वगैरे नाही, शेतकरी आहो. वर्धा नदीच्या काठचं गाव, खाण दोन किलोमीटरवर. तुमच्यावानी साहेब लोक येतात, दोन बाटल्या भरून नेतात, मंग काहीच नाही. मागच्या साली एकदाचा कागद आला त्यात लिहून होतं "मर्यादेत". आता राजेहो विहीर उन्हाळ्यात कोरडी पडून राहिली आन पाणी आहे तेव्हा डाळ शिजत नाही त्या पाण्यात, मंग मर्यादेत म्हंजे कोणाच्या मर्यादेत? गोट्याभाऊ तुम्ही नोकरी करा नाहीतर नका करू, पण करसान तर कागद मराठीत लिहा एवढंच म्हणणं आहे.

रानवाट_७
विन्याभाऊ, प्रश्न एकदम बरोबर जागी लागलाय. खाणीतून बाहेर सोडायच्या पाण्याची मर्यादा वेगळी, पीएच साडेपाच ते नऊ, तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅम वगैरे. पिण्याच्या पाण्याचं मानक वेगळं, आयएस १०५००. त्यातही दोन रकाने आहेत, सल्फेट २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ४०० पर्यंत चालवून घ्या. हार्डनेसला तसंच २०० आणि ६००. म्हणजे ५८० हार्डनेसचं पाणी पण कागदावर "मर्यादेत", डाळ मात्र शिजणार नाही. तुमच्या कागदावर कोणता रकाना धरलाय ते बघा, लिहिलं नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. आणि खाणीला पर्यावरण मंजुरी मिळाली असेल तर त्यांना दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, तो पण मागता येतो.

विहीर कोरडी पडते त्याला कारण खाण असू शकतं. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की पंप लावून उपसतात, आजूबाजूच्या वालुकाश्मातलं पाणी तिकडे ओढलं जातं. पण पाऊस कमी झाला तरी विहीर आटते, शेजाऱ्यानं खोल बोअर मारलं तरी आटते. सिद्ध करायचं तर खाण यायच्या आधीची पातळी लागते, आणि तीच नेमकी कोणाकडे नसते.

डिचोलीकर
हे गोव्यात पण अगदी असंच. इथे लोहखनिजाच्या खाणी टेकड्या पोखरून भूजलाच्या खाली गेल्या, पंप चोवीस तास, विहिरी आटल्या, पावसाळ्यात लाल गाळ शेतात. मग २०१२ ला बंदी, परत चालू, परत ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), पंप बंद झाले की खड्ड्यांत पाणी चढतं, आणि तेव्हा कळतं की आधी किती ओढलं जात होतं. जिऑलॉजिस्टला असा फुकटचा प्रयोग मिळत नाही, पण बंद व्हायच्या आधी कोणी शेजारच्या विहिरी नीट मोजल्या असतील तरच त्याचा उपयोग. आमच्या घरची विहीर कोणी मोजली नाही.

एल्क_नदीकाठी
कॅनडातून लिहितेय, ब्रिटिश कोलंबियात याच क्षेत्रात आहे. "रिपोर्टचं पुढे काही होतं का" याला एक उदाहरण. इथे एल्क व्हॅलीत कोळशासाठी डोंगर फोडून टाकाऊ खडकाचे ढीग दऱ्यांत ओतलेत, त्यातून सेलेनियम झिरपतं. पाणी दिसायला निळंशार, चवीलाही कळणार नाही, पण माशांच्या अंड्यांत साठतं आणि पिल्लं वाकडी निघतात. वर्षानुवर्षं नमुने घेतले गेले, शेवटी २०२१ ला कंपनीनं कोर्टात गुन्हा कबूल केला, ६ कोटी कॅनेडियन डॉलर भरायला लागले. म्हणजे होतं. पण किती वर्षांनी ते बघा, आणि सेलेनियम अजून झिरपतंच आहे, ढीग काय उचलून नेता येतात होय.

हातोडा_आणि_भिंग
गोट्या, आता तुझ्या मेन प्रश्नावर. माझे निम्मे रिपोर्ट कपाटात गेले असतील. काही कामाला आले, एका गावाला नळाचं पाणी मिळालं, त्यात माझ्या दोन पानांचा हात होता असं मी मानतो, बाकी कोणी मानत नसेल.

पण एक गोष्ट सांगतो, हे काम नेहमी गावाच्या बाजूनं बोलायचं नाही हे पण कळून घे. एका गावात पोरांचे दात पिवळे-तपकिरी, सगळे म्हणाले खाणीनं केलं. मी खाणीच्या वरच्या बाजूची, जिथे खाणीचं पाणी पोचूच शकत नाही अशी गावंही तपासली. दात असे होतात फ्लोराइडनं, आणि ते तिथंही लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेवर. चंद्रपूर-यवतमाळकडे ते खडकातूनच येतं, खाण नव्हती तेव्हाही होतं. ग्रामसभेत उभा राहून सांगितलं तर मागून आवाज आला, साहेबाला पाकीट पोचलं. घरी येऊन जेवलो नाही त्या दिवशी. पण त्याच गावचं सल्फेट खाणीचं होतं आणि ते मी त्याच रिपोर्टात तितक्याच ठळक लिहिलं, आणि खाणवाल्यांना ते खोडता आलं नाही कारण फ्लोराइड मी त्यांच्यावर ढकललं नव्हतं. वरच्या बाजूचा नमुना घ्यायला कोणी सांगत नाही, डिझेल वाचवायला सगळे सांगतात. तू घे.

गोंडवाना_गोट्या
काका, रानवाटताई, सगळ्यांचे आभार. लुगड्याची गोष्ट वाचून डिझर्टेशनमधले माझे लोहाचे आकडे आठवले, एकदम सुंदर कमी आले होते सगळे 🤦 ॲसिड मी पण घातलं नव्हतं, गाइडनं पण विचारलं नाही. ऑफरला अजून आठ दिवस आहेत, पण बहुतेक नाहीच म्हणणार. घरी कसं सांगायचं ते वेगळ्या धाग्यात विचारतो.

वावरातला_विन्या
एक विचारू का. ताईनं म्हटलं खाणीच्या आधीची पातळी कोणाकडे नसते. माझ्या बाबांना सवय आहे, २००३ पासून दर अक्षय्य तृतीयेला दोराला दगड बांधून विहिरीचं पाणी किती खोल ते मोजतात आन जुन्या डायरीत फुटात लिहून ठेवतात. खाण २०१० नंतरची. ते कामाचं आहे का, का फेकून द्यायचं?

हातोडा_आणि_भिंग
विन्या, उठ आणि आधी त्या डायरीच्या प्रत्येक पानाचे फोटो काढ, मग पुढचं वाच. काढलेस? आता बाबांना विचार, मोजायचे ते कुठून, जमिनीपासून की कठड्यापासून, आणि दरवर्षी तिथूनच का.

वावरातला_विन्या
काढले फोटो. बाबा म्हणतात गरगडीखालच्या दगडापासून, नेहमी तिथूनच. पण २०१६ ला कठडा दीड फूट वाढवला होता, पोरगं पडलं असतं म्हणून, तेव्हा दगड पण वर घेतला.

हातोडा_आणि_भिंग
मग कठडा कोणत्या महिन्यात वाढवला ते डायरीत लिहून बाबांची सही घे. त्यानंतरच्या प्रत्येक आकड्यातून दीड फूट वजा कर. मूळ आकडा खोडू नकोस, शेजारी लिही. आणि गावात अजून कोणाच्या बापाला ही सवय आहे का ते विचार, खाणीपासून लांबची विहीर असेल तर फारच चांगलं.

वावरातला_विन्या
एक म्हातारा आहे, पण तो हातानं मोजते, फुटानं नाही. त्याचा हात मोजून आणू का?

हातोडा_आणि_भिंग
आण.