मदत हवी आहे: बेंगळुरात पॉइंटवर तीन रात्री, आई बरोबर आहे, कुठलं हॉटेल धरू?

उद्यमबागवाला:

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, प्रश्न लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी बेळगावचा. उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कंपनीत सर्व्हिसला होतो, पाच-सहा वर्षं नुसता फिरतीवर, चाकण, चेन्नई, अहमदाबाद, राजकोट. राहण्याचं बिल कंपनीचं पण पॉइंट आपल्या नावावर, असं करत करत मॅरियट बॉनव्हॉयच्या, म्हणजे मॅरियट हॉटेलांच्या पॉइंट योजनेच्या, खात्यात ७८ हजार पॉइंट साठलेत. वर एचडीएफसीचं ते मॅरियटवालं कार्ड आहे, त्याची एक फुकट रात्र पडून आहे, १५ हजार पॉइंटपर्यंतच्या खोलीला चालते आणि तिची मुदत एप्रिलमध्ये संपालीय. आता मला आत शॉपवर, म्हणजे कारखान्यातच, घेतलंय, फिरती बंद, म्हणजे नवीन पॉइंट काही यायचे नाहीत. आणि हे पॉइंट म्हणजे काय आंबे नव्हेत अढीत ठेवले की पिकायला. पूर्वी कुठल्या हॉटेलाला किती पॉइंट याचा तक्ता असायचा, तो काढून टाकला, आता भाव रोज वरखाली. ठेवून ठेवून कमीच होणार. म्हणून यंदा वापरून टाकायचे असं ठरवलंय.

निमित्त असं, लेक नववीत आहे आणि तिला आयआयएससीचा, म्हणजे बेंगळुरातल्या त्या मोठ्या विज्ञान संस्थेचा, ओपन डे बघायचाय. वर्षातनं एकदाच असतो, फेब्रुवारी-मार्चच्या एखाद्या शनिवारी, सगळ्या लॅबा उघड्या, तिकीट नाही. तिच्या सरांनी वर्गात सांगितल्यापासनं घरात दुसरा विषय नाही. आम्ही चौघं: मी, मिसेस, लेक आणि आई. आई ७१ ची, गुडघे जरा कुरकुरतात पण देवळं म्हटलं की पुढं. शुक्रवारी पोचायचं, सोमवारी निघायचं, तीन रात्री. जाताना नेहमीची आपली राणी चन्नम्मा, रात्रीची रेल्वे.

आता मी रोज रात्री जेवण झालं की ॲप उघडून बसालोय आणि डोक्याचा भुगा झालाय. मनात आहेत ती अशी:

जेडब्ल्यू मॅरियट, विठ्ठल मल्ल्या रोड. कब्बन पार्कला लागून. विश्वेश्वरय्या म्युझियम तिथनं जवळ, लेकीला तेही बघायचंय. मिसेसचं मत इथं, कारण तिनं फोटो बघितलेत.

शेरेटन ग्रँड, ब्रिगेड गेटवे. ओरायन मॉल त्याच आवारात. आयआयएससी आणि यशवंतपूर स्टेशन दोन्ही जवळ.

फेअरफील्ड, राजाजीनगर. साधं. पॉइंट कमी लागतात, फुकट रात्र पण बसते.

व्हाईटफील्डला दोन-तीन आहेत, तिथं कधीकधी भाव चांगला दिसतो आणि आता मेट्रो तिथपर्यंत गेलीय म्हणे.

मी हिशेब घालतो तो असा. रोखीचा भाव टॅक्ससकट घ्यायचा आणि पॉइंटनं भागायचा. समजा खोली १२ हजारची, ७,५०० च्या वर म्हणून १८ टक्के जीएसटी, झाले १४,१६०. तिला २० हजार पॉइंट मागत असतील तर एका पॉइंटला ७० पैसे सुटले. तेच समजा साधी खोली साडेसहा हजारची, तिला ५ टक्केच, म्हणजे ६,८२५, आणि मागितले १२ हजार पॉइंट, तर ५७ पैसेच. म्हणजे हिशेबानं मोठ्या हॉटेलात पॉइंट खपवणं शहाणपणाचं. पण तिथं ७८ हजारात एकच खोली तीन रात्री जेमतेम, आणि आम्ही चौघं. एक्स्ट्रा बेड टाकून भागेल का?

एक मागचा अनुभव पण सांगतो म्हणजे मी एवढा का घाबरालोय ते कळेल. दोन वर्षांमागं दुसऱ्या एका शहरात असंच पॉइंटवर एक रात्र काढली होती, आई होती बरोबर. रातराणीनं सकाळी साडेसहाला पोचलो, खोली मिळाली दुपारी दोनला. तोवर आई लॉबीत सोफ्याच्या अगदी काठावर बसून, मांडीवर कुंद्याचा (आमच्या बेळगावची मिठाई) डबा, कारण ज्यांच्याकडं जायचं होतं त्यांच्यासाठी नेलेला. मी म्हटलं अगं टेक की जरा मागं, पाय वर घे, तर म्हणाली परक्याच्या घरात पाय वर घेऊन बसायचं होय रे? साडेसात तास. आणि सकाळी नाष्ट्याचं बिल वेगळं लावलं, आईनं खाल्ल्या दोन इडल्या. आसपास दुसरं काही खायला नाही, नुसता हायवे. घरी आल्यावर वर्षभर ऐकलंय, ‘ते तुझं फुकटातलं हॉटेल’.

तर यंदा चूक नको. कुठलं धरू?

---

खानापूरकर:

जेडब्ल्यू घ्या हो, आयुष्यात एकदाच. पॉइंट कशासाठी साठवलेत मग.

---

पॉइंटवेडा:

अहो उद्यमबागवाले, तुमचा भागाकार बरोबर आहे पण कशाला काय भागताय ते चुकतंय. १२ हजारची खोली तुम्ही रोखीनं घेतली असती काय? नसती ना? मग ते ७० पैसे कागदावरचे. तुमच्या खिशातनं एरवी जे गेले असते तेवढीच तुमची बचत. तुम्ही साध्या दोन खोल्याच घेतल्या असत्या, तर त्या दोन खोल्यांचे पैसे वाचणं हीच खरी किंमत धरा.

दुसरं. एक्स्ट्रा बेडच्या नादाला लागू नका. पॉइंटमध्ये खोली येते, ती सहसा दोघांची. तिसऱ्या मोठ्या माणसाचे पैसे बऱ्याच ठिकाणी रोख घेतात, आणि १२ वर्षांच्या वरचं पोर मोठ्यात धरायची पद्धत आहे, म्हणजे तुमची लेक पण आली. चौघं एका खोलीत तर मोठ्या हॉटेलात बहुतेक घेणारच नाहीत. त्यामुळं दोन खोल्या, आजी-नात एकीकडं, तुम्ही दोघं एकीकडं. आजीच्या खोलीला दोन वेगळे पलंग मागा, आधी फोन करून मागा, तिथं जाऊन नव्हे.

तिसरं, नाष्टा. तुमच्या कार्डावर मेंबरशिपची सिल्व्हर पायरी मिळते, सिल्व्हरला नाष्टा फुकट नसतो, तो वरच्या प्लॅटिनमपासनं. मोठ्या हॉटेलात माणशी हजाराच्या घरात जातं. चौघांचे तीन दिवसांचे गुणून बघा, फुकट राहण्यातली निम्मी मजा तिथंच संपते. म्हणून बाहेर पाय टाकला की इडली मिळेल अशी जागा बघा.

फुकट रात्र आणि पॉइंटच्या रात्री एकाच बुकिंगमध्ये होणार नाहीत कदाचित, तेव्हा वेगवेगळं बुक करून हॉटेलला फोन करायचा, दोन्ही जोडून द्या, खोली बदलायला लावू नका. करतात. फुकट रात्र मुदतीच्या आत नुसती बुक करून चालत नाही हं, आत राहून व्हायला पाहिजे. पाच रात्री पॉइंटवर राहिलात तर एक फुकट असते, पण तुम्ही तीनच म्हणताय तर सोडा.

आणि बेंगळुरात शुक्रवार ते रविवार ऑफिसवाली गर्दी नसते, कामाच्या दिवसांपेक्षा भाव बरे असतात. फक्त एरो इंडियाच्या, त्या विमानांच्या प्रदर्शनाच्या, आठवड्यात जाऊ नका, म्हणजे विषम सालातला फेब्रुवारी, त्या वेळी झोपायला बाकडं पण मिळत नाही.

---

निपाणीची ताई:

व्हाईटफील्डचं नाव सुद्धा काढू नका. मेट्रो आहे हे खरं पण यशवंतपूरहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मधे मॅजेस्टिकला बदलायचं, आईंना घेऊन रोज जाऊन-येऊन अर्धा दिवस गाडीतच. माझा भाऊ तिथं असतो म्हणून सांगते, आम्ही त्याच्याकडं गेलो की शहर बघायचं नाव काढत नाही.

---

उद्यमबागवाला:

पॉइंटवेडा साहेब, पोटात गोळा आला वाचून पण खरं आहे तुमचं. रोखीनं मी जेडब्ल्यूच्या दारात उभा पण राहिलो नसतो.

ताई, व्हाईटफील्ड कॅन्सल.

मग शेरेटन का फेअरफील्ड? शेरेटनला दोन खोल्या तीन रात्री माझ्या पॉइंटात बसेनात. एक खोली पॉइंटवर आणि एक रोख असं करू काय?

---

मल्लेश्वरमची सून:

माहेर शहापूर, बेळगाव, २२ वर्षं मल्लेश्वरमात. धागा वाचून राहवलं नाही.

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय, फक्त तुम्हाला दिसलं नाही. आईंना त्रास हॉटेलानं दिला नाही, साडेसहाच्या गाडीनं दिला. आणि आता परत राणी चन्नम्मानं येताय! ती यशवंतपूरला सकाळी सहाच्या सुमारास सोडणार, खोली मिळणार दुपारी दोन-तीनला. जेडब्ल्यू घ्या नाहीतर आणखी काही, आई पुन्हा डबा मांडीवर घेऊन सोफ्याच्या काठावर.

वंदे भारतनं या. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर सुरू आहे, पहाटे सुटते, दुपारी दोनच्या आत इथं. यशवंतपूरला पण थांबते. रिक्षा केली की चेक-इनच्या वेळेला दारात. परतीला पण दुपारीच सुटते, म्हणजे सोमवारी आरामात खोली सोडायची आणि रात्री आपल्या घरात आपल्या अंथरुणात. तिकीट जास्त आहे हे मान्य, पण राणी चन्नम्मानं येऊन खोली सकाळी पाहिजे तर आदल्या रात्रीचे पॉइंट घालावे लागतील, दोन खोल्यांचे. हिशेब तुम्हाला येतोच.

जागेचं म्हणाल तर राजाजीनगर, डोळे झाकून. सगळी राहती वस्ती आहे, कोपऱ्याकोपऱ्यावर दर्शिनी, उभ्यानं खायच्या, तट्टे इडली, खारा भात, केसरी भात, फिल्टर कॉफी. चौघांचा नाष्टा हॉटेलातल्या एका कॉफीच्या पैशात होईल. कन्नड येतच असणार तुम्हाला, बेळगावचं म्हटलं की आधी ‘ओह, कुंदा!’ म्हणतात इथं, तेव्हा एक डबा जास्तीचा आणा. आयआयएससीला रिक्षावाल्याला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ सांगा, जुने लोक तेच म्हणतात, १९०९ पासनं जमशेटजींच्या नावानं. ओपन डेला गर्दी जत्रेसारखी असते, आईंना नेऊ नका, नेलं तर झाडाखाली बसवायची तयारी ठेवा, झाडं भरपूर आहेत. त्यापेक्षा तुम्ही बाप-लेक सकाळी लवकर जा, आणि सुनेनं सासूबाईंना इस्कॉनला न्यावं, राजाजीनगरातच आहे. शेरेटनमध्ये राहायला नको, संध्याकाळी ओरायन मॉलला चक्कर मारली की मिसेसचं पण समाधान.

आणि एक, आईंना काडू मल्लेश्वराच्या देवळात नक्की आणा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांनी बांधलेलं असं सांगतात. शहाजीराजांची जहागीरच होती ना इथं, १६३८ नंतर. मी लग्न होऊन आले तेव्हा परकं परकं वाटायचं, सासऱ्यांनी पहिल्या आठवड्यात तिथं नेऊन हे सांगितलं होतं. म्युझियमसाठी रविवारी सँडल सोप फॅक्टरीहून मेट्रो, मॅजेस्टिकला बदलून कब्बन पार्क.

---

खानापूरकर:

बरं बरं, माझं जेडब्ल्यू मागं घेतो. पण म्युझियम झाल्यावर तिथं जाऊन एक कॉफी तरी प्या.

---

पॉइंटवेडा:

वहिनींनी एका गाडीत सगळा धागा सोडवला. एवढंच करा, ओपन डेची तारीख जाहीर व्हायच्या आधी बुक करत असाल तर रद्द करायची शेवटची तारीख बघून करा, पॉइंटच्या बुकिंगला सहसा मुभा असते. आणि बुक केल्यावर आठवड्यातनं एकदा परत बघत जा, पॉइंट कमी झाले असतील तर नवीन करायचं, जुनं रद्द.

---

उद्यमबागवाला:

काल रात्री केलं. फेअरफील्ड राजाजीनगर, दोन खोल्या तीन रात्री, त्यातली एका खोलीची एक रात्र कार्डाच्या त्या फुकट रात्रीवर, बाकी पॉइंटवर, आणि खात्यात थोडे उरले पण. हॉटेलला फोन लावला, दोन पलंगांची खोली आणि बुकिंग जोडणं, दोन्हीला हो म्हणाले, मी कन्नडातच बोललो.

मल्लेश्वरमच्या ताई, वंदे भारतचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हो, इतकी वर्षं बेंगळूर म्हणजे रात्री राणी चन्नम्मात झोपायचं एवढंच. आईला सांगितलं गाडी पहाटे आहे, चारला उठावं लागेल. म्हणाली, ‘मी तर रोजच उठत्ये.’ मग विचारलं, ‘खोली गेल्या गेल्या मिळत्ये नव्हं?’ म्हटलं, मिळत्ये. आता व्यंकोजीराजांचं देऊळ म्हटल्यापासनं शेजारपाजारच्यांना सांगून झालंय, ओपन डे राहिला बाजूला.

मिसेस अजून फोटो बघालीय. खानापूरकर, कॉफीचं बघतो.