पाय बसवला की प्रश्न संपला?

कारगिलमध्ये सुरुंगावर पाय गेलेल्यांना पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून पाय मिळाला की प्रश्न संपला, असं अनेकांना वाटतं. पहिल्या काही वर्षांपुरतं ते ठीक. 1999 मध्ये पंचविशीत असलेले जवान आता पन्नाशीत आहेत आणि खरी कटकट आत्ता सुरू होते. पाय गुडघ्याखाली तुटला असेल तर बराचसा भार गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर पडायला हवा, स्टम्पच्या (पायाच्या उरलेल्या भागाच्या) टोकावर नाही. स्नायू आटले की स्टम्प सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत तो बसतो तिच्यात, खाली उतरतो, टोक टेकतं आणि जखम होते. त्यावर उपाय म्हणून स्टम्पवर चढवायचे मोजे असतात, त्यांची जाडी प्लायमध्ये मोजतात. दिवसभरात स्टम्प आकसतो, म्हणून सकाळी एक प्लायचा घातला असेल तर दुपारी त्यावर तीनचा चढवायचा. पण थर दहा-पंधरा प्लायपर्यंत गेले तर मोजे वाढवत बसू नये, नवं सॉकेट मागावं. वजन वाढलं तर नेमकं उलटं होतं: स्टम्प तळापर्यंत पोचत नाही, टोकाखाली पोकळी राहते आणि तिथली कातडी सुजून काळपट, खडबडीत होते. यावर बरेच जण मलम चोपडत महिनोन्‌महिने अंगावर काढतात. मलमाचा इथे काय संबंध? सॉकेटच बदलावं लागतं.

त्यात मधुमेह असेल तर टोचलेलंही कळत नाही. रोज रात्री पाय उतरवल्यावर आरसा धरून स्टम्पची मागची बाजू बघायची. लाल वण पंधरा-वीस मिनिटांत गेला नाही, तर दुसऱ्या दिवशी तो पाय चढवायचा नाही, आधी दाखवून यायचं.