स्केटिंग स्पर्धेत बसून स्केटर आणि प्रेक्षक दोघांचं लाइव्ह स्केचिंग कसं करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ज्यांना चित्रकला येते आणि ज्यांना स्केटिंग कळतं अशा दोन्ही प्रकारच्या लोकांची मदत हवीये म्हणून जरा सविस्तरच लिहितेय.

माझी भाची आर्टिस्टिक रोलर स्केटिंग करते. म्हणजे चार चाकांचे क्वाड स्केट्स, पुढे रबरी टो-स्टॉप, आणि बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये जे असतं ते बहुतेक सगळं इथेही, उड्या, स्पिन, स्पायरल (एक पाय मागे उंच धरून सरकत जाणं), म्युझिकवर बसवलेला प्रोग्राम, फक्त बर्फाऐवजी गुळगुळीत फ्लोअर. मुंबईत समोर बसून बघायचं तर हेच, ६० बाय ३० मीटरची बर्फाची रिंक बघायला थेट डेहराडूनला जावं लागतं. तर तिच्या स्पर्धा असल्या की बहुतेक वेळा मीच सोबत जाते, सकाळी रिपोर्टिंग असतं आणि तिचा नंबर कधी दुपारी लागतो, मग अख्खा दिवस स्टँडमध्ये बसायचं. मला स्केचिंगची आवड शाळेपासूनची, एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही दिलेल्या, आता नोकरीमुळे जे काय काढते ते लोकलमध्ये. लेडीज डब्यात समोरची बाई बोरिवलीला डोळे मिटून बसली की दादरपर्यंत तिचा चेहरा, मांडीवरची पर्स, बांगड्या सगळं निवांत मिळतं.

रिंकवर तसं काहीच मिळत नाही. पेन्सिल कागदाला टेकेपर्यंत मुलगी दुसऱ्या टोकाला पोचलेली असते आणि उडी तर अर्ध्या सेकंदात संपते. मी जे काढते त्यात हात-पाय बरोबर जागी असतात, प्रमाण बरं असतं, पण ती मुलगी स्केटिंग करतेय असं वाटतच नाही, एक पाय मागे घेऊन उभी आहे असं वाटतं. वेग येत नाही. फोनवर व्हिडिओ घेऊन पॉज करून पण काढून बघितलं. त्यात पोज अचूक येते, पण ती कुठून आली आणि कुठे चाललीये हे त्यात नसतं, आणि मला तेच हवंय. त्यामुळे कृपया फोटोवरून काढा असं सुचवू नका, मला तिथे बसून, तिच्याकडे बघून काढायचंय.

आता दुसरा भाग, जो मला खरं तर जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रेक्षक. या स्पर्धांना तिकीट काढून येणारं पब्लिक जवळजवळ नसतंच, जे असतात ते घरचेच, आई-बाबा, आजी-आजोबा, कडेवरचं धाकटं भावंड. आणि आपलं पोर फ्लोअरवर आलं की या माणसांचं शरीरच बदलतं हो! मागे एका मुलीने ॲक्सल नावाची उडी घ्यायला पुढे वळून हात मागे नेले तर माझ्या शेजारी बसलेल्या तिच्या आईचे खांदे आपोआप वर गेले, आणि पोरगी लँड होईपर्यंत ते खाली आले नाहीत. एक बाबा ओठांनी म्युझिकचे काउंट मोजत होते आणि टाच जमिनीवर आपटत होते. एक आजी बघतच नव्हत्या, मान खाली घालून फक्त टाळ्यांकडे कान लावून बसलेल्या. प्रोग्राम संपला की दोन मिनिटांत सगळं गायब, डबा उघडतो, मोबाईल बाहेर येतो, केसांच्या पिना आणि हेअरनेटची शोधाशोध सुरू होते. मला ती मुलगी आणि तिची आई एकाच पानावर हव्या आहेत, एकाच क्षणाच्या. पण मुलगी समोर असते आणि आई बाजूला, एकीकडे बघितलं की दुसरीकडचं हातातून जातं. हे कसं जमवायचं?

शिवाय मटेरियल. सध्या ६बी पेन्सिल आणि ए५ चं साधं स्केचबुक वापरते. पत्र्याच्या शेडमध्ये दमट हवेत कागद मऊ पडतो आणि ६बी हाताला लागून फासली जाते, ब्रश पेन घ्यावं का?

आणि एक नाजूक प्रश्न. बहुतेक स्केटर लहान मुली असतात. गेल्या स्पर्धेत एका ताईंनी मला विचारलं की तुम्ही माझ्या मुलीचं चित्र का काढताय. त्यांचं विचारणं बरोबरच होतं, मी वही दाखवली आणि विषय तिथेच संपला, पण मला तेव्हापासून अवघडल्यासारखं होतंय. तुम्ही लोक बाहेर स्केचिंग करताना हे कसं सांभाळता?

प्रतिसाद:
ताई, तुम्ही इंटरमिजिएट दिलीये म्हणजे स्मरणचित्र केलेलं आहे, तेच इथे लागणार. एक अख्खा प्रोग्राम पेन्सिल खाली ठेवून नुसता बघा. मग मान खाली घालून जे डोक्यात उरलंय तेवढंच काढा, परत वर बघू नका. सुरुवातीला फक्त एक पाठ आणि एक पाय उरेल, चालेल, तेवढंच काढा. दुसरं म्हणजे एका पानावर एकच आकृती पूर्ण करायला जाऊ नका. पाच-सहा अर्धवट सुरू ठेवा, स्पायरल आलं की स्पायरलवाल्या आकृतीत भर घाला, सिट स्पिन (खाली बसून घेतलेली गिरकी) आला की त्या आकृतीत. पुढची मुलगी तेच एलिमेंट परत करणारच आहे, त्यामुळे एका आकृतीत चार मुली मिसळतील, आणि तुमचा शेवटचा प्रश्न पण थोडा सुटेल कारण ती कुठल्याच एका मुलीची ओळख राहणार नाही.

उभी दिसते म्हणताय त्याचं कारण मला वाटतं अक्ष. वळण घेणारा स्केटर कधीच सरळ नसतो, वर्तुळाच्या आत कललेला असतो, त्याचं डोकं पायाच्या वर येतच नाही. म्हणून आधी जमिनीवरची वाट काढा, एक कमान, मग त्या कमानीवर पायाचा ठिपका, आणि त्यातून आतल्या बाजूला तिरकी एकच रेघ डोक्यापर्यंत. हात, चेहरा, फ्रॉक नंतर. स्पिनमध्ये उलट, तिथे सगळं वजन एका पायावर उभं रचलेलं असतं, तिथे रेघ सरळच ठेवा. ब्रश पेन जरूर घ्या, ते खोडता येत नाही म्हणूनच घ्या.

प्रतिसाद:
मी लहानपणी स्केटिंग केलंय, आता मुलांना शिकवते. काकू, तुम्ही हवेतली उडी पकडायला बघताय, ती आम्हाला पण नीट दिसत नाही. उडीच्या आधी आणि नंतर बघा. लुट्झ नावाच्या उडीला मुलगी मागे मागे लांब वळणावर जाते, खांद्यावरून मागे बघते, हात पसरलेले, तिथे तुम्हाला भरपूर वेळ आहे. ॲक्सल ओळखायला सगळ्यात सोपी, कारण मोठ्या उड्यांत पुढे तोंड करून घेतली जाणारी तेवढी एकच, आणि त्यामुळे त्यात अर्धा फेरा जास्त असतो. लँडिंग सगळ्यांचं मागे जातानाच, गुडघा वाकलेला, मोकळा पाय मागे ताणलेला, हात बाजूला. ते आम्ही मुद्दाम धरून ठेवायला शिकवतो. बहुतेक मुली घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणजे उजव्या पायावर उतरतात, त्यामुळे कुठला पाय खाली येणार हे तुम्हाला आधीच माहीत असेल.

आणि वॉर्म-अप सोडू नका. चार-पाच जणी एकदम फ्लोअरवर असतात, प्रत्येकजण आपलीच उडी परत परत करून बघते, एका जागेवर, एकाच कोपऱ्यात. बर्फावरच्या मोठ्या स्पर्धांत पण सहा मिनिटांचा वॉर्म-अप असतो, टीव्हीवर दाखवतात तेव्हा त्यावर घरी सराव करा.

प्रतिसाद:
माझी मुलगी पण स्पर्धेत उतरते, पालक म्हणून सांगते. सकाळी आयोजकांच्या टेबलावर जाऊन सांगून ठेवा की मी स्केचिंग करणार आहे. शेजारच्यांना आपणहून वही दाखवा, लपवून काढलं की संशय येतो. चेस्ट नंबर आणि चेहरा काढू नका, ऑनलाइन टाकताना स्पर्धेचं आणि मुलीचं नाव नको. आणि एखादं चित्र आवडलं तर आईला विचारून फाडून देऊन टाका, आमच्या घरी अशा चित्राला फ्रेम झाली असती.

(मूळ प्रश्नकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार. अक्षाची गोष्ट वाचली आणि लगेच जुनी वही काढून बघितली, खरंच सगळ्या मुली सरळ खांबासारख्या आहेत! घरी फोनवर बर्फावरच्या स्पर्धा लावून फक्त कमान, ठिपका, तिरकी रेघ एवढंच काढायला सुरुवात केलीये, आणि नुसत्या त्या तीन गोष्टींतून वळण कुठल्या बाजूचं ते कळायला लागलंय, त्याचा फार आनंद झाला.

आई आणि मुलगी एका पानावर कसं, त्याचं उत्तर मला लँडिंगवरून सुचलं ते सांगते, चूक असेल तर सांगा. उडीच्या आधी लुट्झसारखी लांब तयारी असते त्या वेळात मुलीकडे बघायचंच नाही, प्रेक्षकांकडे बघायचं, कारण तेव्हाच आईचे खांदे वर जातात. आणि लँडिंग धरून ठेवलेलं असतं, तेव्हा मान वळवून मुलगी बघायची. म्हणजे पानावर आईचा उडीच्या आधीचा क्षण आणि मुलीचा उडीनंतरचा. क्षण दोन, पण मला वाटतं बघणाऱ्याला उडी मधे दिसेल. त्यासाठी आपल्या बाजूच्या रांगेऐवजी कोपऱ्यात बसावं लागेल, म्हणजे समोरचा स्टँड रिंकच्या मागेच येईल आणि मान फार वळवावी लागणार नाही. स्टँडच्या पायऱ्या आणि कठडा वॉर्म-अपच्या आधीच काढून ठेवायचा, मधे फ्लोअरची जागा कोरी सोडायची.

आता एवढंच विचारायचंय की कोपऱ्यातून बघताना कमान खूप चपटी दिसते, मग कललेली रेघ किती तिरकी घ्यायची हे कसं ठरवायचं? ज्यांनी मैदानाच्या कडेने बसून क्रिकेट किंवा कबड्डी काढलंय त्यांनी पण सांगा. पुढची स्पर्धा पावसाळ्यानंतर आहे, तोपर्यंत सराव होईल.