नववीतल्या प्रत्येक मुलाची 'बुद्धी' कोणती ते पत्रकात भरून द्यायचंय, काय करू?

विज्ञानवाल्या बेन, बडोदा

नमस्कार मंडळी. मी गुजराती माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मध्यंतरी आमची 'बहुविध बुद्धिमत्ता' या विषयावर तालीम, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षण, झाली. पाहुणे छान बोलले, चहा-फाफडा झाला, आणि दुसऱ्या दिवशी आचार्यांनी (मुख्याध्यापकांनी) हातात पत्रक ठेवलं. डावीकडे मुलांची नावं, उजवीकडे आठ रकाने: भाषा, तर्क-गणित, आकार-अवकाश, संगीत, शरीर, इतरांना ओळखणं, स्वतःला ओळखणं, निसर्ग. एका नावापुढे एकच खूण करायची आणि पुढं 'त्या बुद्धीप्रमाणे' शिकवायचं.

वर्गात ५८ पोरं. काहींच्या घरी मराठी, काहींच्या गुजराती, काही मकरपुऱ्याच्या कारखान्यांत कामाला आलेल्या घरांतली, ती आपसांत भोजपुरी बोलतात. पुस्तक सगळ्यांना गुजरातीत.

त्यातला एक मुलगा सांगते. एकम कसोटीत (घटक चाचणीत) २५ पैकी ४. उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण) जवळ आलं की हा बापाबरोबर पतंग बांधायला बसतो. 'बल आणि गतीचे नियम' चालू होतं, संतुलित बल कुणाच्या गळी उतरेना. मी विचारलं, पतंग वर एका जागी ठरला की त्याच्यावर कोणकोणती बलं? हा उठला आणि फळ्यावर पतंगच काढला, ढढ्ढो (मधली उभी काडी), कमान, किन्ना (दोरी जिथं जोडतात ते पतंगाला बांधलेले दोरे), सगळं जागच्या जागी. "बेन, वायरो धक्को मारे, दोरी खेंचे, ने पतंगनुं वजन." मग न विचारता पुढं सांगितलं, की वारा जोराचा असेल तर किन्न्याचा वरचा दोरा जरा आखूड बांधायचा, म्हणजे पतंग वारा कमी अंगावर घेतो. आणि कापला गेला तर? "दोरी गई, एटले बॅलेन्स गयुं." अख्खा वर्ग "काप्यो छे!" म्हणून ओरडला, शेजारच्या वर्गातून सर बघायला आले ते वेगळंच.

आता याची खूण कुठं करू? आकारात? शरीरात? मला विचाराल तर हे चोख तर्कशास्त्र आहे. पण पेपरात याच प्रश्नाखाली जागा कोरी. पत्रक शनिवारी द्यायचंय.

माळव्यातला मास्तर, इंदूर

बेन, पत्रक भरायच्या आधी एवढं ऐका. ही कल्पना हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, १९८३ ची. तेव्हा त्यानं सात बुद्ध्या मांडल्या, निसर्गाची आठवी नंतर जोडली. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येकात या सगळ्या असतात, कमी-जास्त प्रमाणात, आणि कुठलंही काम करताना त्या मिळून चालतात. एकच खूण करा हे त्यानं कुठं सांगितलेलं नाही.

'त्या बुद्धीप्रमाणे शिकवा' हा तर दुसऱ्याच गावचा पाहुणा. मूल बघून शिकणारं की ऐकून शिकणारं, हा 'अध्ययनशैली'चा प्रकार. आपला सिद्धांत आणि अध्ययनशैली एक नव्हेत, हे गार्डनरनं स्वतः जाहीरपणे लिहिलंय. २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी मिळून या शैल्यांवरचं संशोधन तपासलं. शैली जुळवून शिकवल्यानं मुलं जास्त शिकतात, असं मानायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. शिवाय गार्डनरच्या बुद्ध्या खरोखर वेगवेगळ्या आहेत का, यावरही अनेक मानसशास्त्रज्ञ त्याच्याशी भांडतात. आपल्याकडे मात्र तालमीत सगळं एकाच कढईत.

रिसोर्स रूममधून, ग्वाल्हेर

मी विशेष शिक्षिका आहे, मला त्या पत्रकातल्या पहिल्याच रकान्याची भीती वाटते. 'भाषा कमी, शरीर जास्त' असं एकदा लिहिलं की पुढच्या वर्षीच्या बाईही तेच वाचणार, आणि पोरगं कायमचं मैदानावर.

त्या मुलाला गुजरातीतला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला द्या, एकट्याला, वर्गासमोर नको. अडखळतो का, अक्षरं गाळतो का, की वाचतो नीट पण अर्थ लागत नाही? मग तोच मजकूर तुम्ही वाचून दाखवा आणि तोंडी प्रश्न विचारा. ऐकून सगळं सांगत असेल आणि वाचताना अडत असेल, तर वाचनअक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांगजन कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, वाचनअक्षमता त्यातच येते. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ, गरज पडल्यास लेखनिक मिळू शकतो. नववीत हाललात तर दहावीच्या आधी कागद हातात येतील.

आणि घरी भोजपुरी असेल तर कदाचित यातलं काहीच नाही, फक्त पुस्तकातली गुजराती परकी आहे.

दांडिया बाजारचे आजोबा, बडोदा

मी गणिताचा निवृत्त शिक्षक, बेन. वरचं सगळं बरोबर आहे, पण शनिवारी आचार्यांसमोर तुम्हाला उभं राहायचंय, आम्हाला नाही.

त्यांना आपल्या गावाची आठवण द्या. सयाजीरावांनी १८८६ मध्ये इथं गायनशाळा काढली, १८९० मध्ये कलाभवन, म्हणजे कला-कारागिरीची शाळा. दादासाहेब फाळके तिथंच शिकले. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. म्हणजे गाणाऱ्यालाही जागा, हातानं घडवणाऱ्यालाही जागा, पण लिहिणं-वाचणं सगळ्यांना. गाणारा आहे म्हणून अक्षरओळख माफ, असं नव्हतं.

पत्रकाचं म्हणाल तर रकाने आडवे करून टाका. मुलांच्या नावांच्या जागी धडे लिहा. 'बल' या धड्याला पतंग, रस्सीखेच, तोंडी मांडणी, आकृती, शेवटी लेखी उत्तर. धड्याला पाच खुणा झाल्या तरी कुणाचं नुकसान नाही. आठही रकाने प्रत्येक धड्याला भरायच्या नादी लागू नका. न्यूटनच्या नियमांवर पोरांकडून गाणी रचून घेतलेली मी पाहिली आहेत. चाल पाठ होते, नियम नाही.

पतंगवाल्याचं त्या दिवशी अर्धंच काम झालं, असं मला वाटतं. फळ्यावरच्या पतंगाला बाण काढून घ्यायचे, बाणांना पुस्तकातली नावं द्यायची: दोरी खेंचे म्हणजे तणाव. मग त्याच्याच तोंडची तीन वाक्यं वहीत. पेपर ते बाण ओळखतो, किन्ना ओळखत नाही. ही मधली पायरी शिक्षकानंच बांधावी लागते, आणि तालमीत नेमकी तीच सांगत नाहीत.

विज्ञानवाल्या बेन, बडोदा

आजोबा, धड्यांची यादी करून आचार्यांना दाखवली. "आ चालशे, पण नावांचं पत्रकही लागेल, वर पाठवायचंय" म्हणाले. म्हणून प्रत्येक नावापुढे दोन-तीन खुणा केल्या आणि खाली टीप टाकली, की या खुणा या महिन्यापुरत्या आहेत.

ग्वाल्हेरच्या ताई, परिच्छेद वाचून घेतला. तो जोडाक्षरांवर अडतो आणि ओळ चुकतो. मी वाचून दाखवल्यावर सहापैकी पाच प्रश्नांची उत्तरं दिली. त्याच्या आईला बोलावून घेतलं. त्या म्हणतात, मोठ्या भावाचंही असंच होतं, त्यानं आठवीत शाळा सोडली. तपासणी सरकारी दवाखान्यात होते का, आणि सोबत कुठले कागद लागतात, तेवढं सांगा. बाप गल्ल्यावरून उठू शकत नाही, त्यामुळं मीच जाणार आहे.