बुद्धिमत्तेचा कमी पडणारा प्रकार सरावाने वाढतो का? आणि बोलणं सुधारायला नेमकं काय करावं?

नवशिका:
मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बुद्धिमत्तेचे सात प्रकार मांडले: भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय, सांगीतिक, शारीरिक, इतरांना ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची. निसर्गाविषयीचा आठवा नंतर जोडला गेला. ऑनलाइन प्रश्नावली भरली की 'अवकाशीय उत्तम, भाषिक कमी' असा निकाल येतो. जो प्रकार कमी पडतो तो सरावाने वाढतो का? खरी अडचण बोलण्याची आहे. विषय नीट माहीत असला तरी बैठकीत सांगताना ऐकणाऱ्यांचा धागा सुटतो आणि शेवटी 'म्हणजे नक्की काय?' हा प्रश्न येतोच. रोज अर्धा तास देता येईल.

तर्कवेध:
आधी तो निकाल बाजूला ठेवा. तुम्हाला काय जमतं ते अशा प्रश्नावल्या मोजत नाहीत, स्वतःबद्दल तुमचं काय मत आहे ते नोंदवतात. 'मला नकाशे वाचायला आवडतात' याला 'हो' म्हटलं म्हणून नकाशा वाचता येतो असं होत नाही. शिवाय हे कप्पे इतके सुटे आहेत का, यावरच वाद आहे. एका प्रकारच्या बौद्धिक चाचणीत पुढे असणारे बहुधा इतर चाचण्यांतही पुढे असतात, हे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं.

सरावाने वाढतं ते कौशल्य, आणि तेही ज्याचा सराव कराल तेवढंच. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. एकदा ऐकलेले सातच आकडे लक्षात ठेवू शकणारा एक विद्यार्थी सुमारे २३० तासांच्या सरावानंतर जवळजवळ ८० आकड्यांपर्यंत पोचला. तो धावपटू होता, त्यामुळे आकड्यांना शर्यतीतल्या वेळा समजून त्यांचे गट पाडायचा. आकड्यांच्या जागी अक्षरं दिल्यावर मात्र मजल पुन्हा सहाच्या आसपास! म्हणून 'भाषिक बुद्धी वाढवायची' असा संकल्प नको. 'एखादा निर्णय दोन मिनिटांत समजावून सांगता आला पाहिजे' असं ठरवा आणि त्याचाच सराव करा. शब्दकोडी सोडवून बैठकीतलं बोलणं सुधारत नाही.

अवकाशीय कौशल्याचंही तेच. एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने अशी तीनदा काढा. मग वस्तू झाकून त्या तीन चित्रांवरून तिचं तिरकं चित्र काढा आणि शेवटी पडताळा. मध्येच वस्तूकडे पाहिलंत तर ती नुसती नक्कल होते, मनात वस्तू फिरवण्याचा सराव राहूनच जातो.

वाक्यविचार:
बोलण्याबद्दल. १९९० मध्ये मानसशास्त्राच्या संशोधक एलिझाबेथ न्यूटन यांनी काही लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला. निम्मी गाणी तरी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. ओळखली गेली १२० पैकी ३. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण चाल सुरू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. विषय जितका पक्का माहीत तितका हा धोका मोठा, आणि तुमची अडचण मला तीच वाटते.

मराठीत यात आणखी एक भर पडते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि 'नाही' बहुधा त्याच्याही नंतर. 'त्यांच्याकडून आकडे आल्यावर ते तपासून, मग मंजुरी घेऊन शुक्रवारपर्यंत अहवाल देता येईल असं वाटत नाही' या वाक्यात अहवाल मिळणार की नाही हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. तोवर ऐकणारा सगळे तुकडे हातात धरून उभा. तेच असं सांगा: 'अहवाल शुक्रवारी मिळणार नाही. आकडे अजून आलेले नाहीत. ते आल्यावर तपासणी आणि मंजुरीला दोन दिवस लागतील.' निष्कर्ष आधी, कारण नंतर, आणि एका वाक्यात '-ऊन' किंवा '-ल्यावर' एकदाच.

सराव असा करा:

१. ऐकल्यावर समोरच्याने काय करायचं आहे, ते एका वाक्यात लिहा. हे वाक्य जमत नसेल तर दोष बोलण्यात नाही, विचार अजून कच्चा आहे.
२. दोन मिनिटं बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा.
३. ऐकताना जे बोललात ते जसंच्या तसं लिहून काढा. 'ते', 'त्याचं', 'तिथलं', 'तसं' हे शब्द अधोरेखित करा. प्रत्येकाचा अर्थ आधीच्याच वाक्यात सापडतो का? नसेल तर तिथे नाव घाला.
४. तेच पुन्हा एका मिनिटात सांगा.

तिसरी पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात. नुसतं ऐकलं तर आपला आवाज कसा वाटतो याकडेच लक्ष जातं आणि वाक्यं निसटतात.

आठवड्यातून एकदा तरी समोर माणूस हवा. त्याला 'समजलं का?' विचारू नका, उत्तर नेहमी 'हो'च येतं. 'हे तुम्ही तिसऱ्या कुणाला कसं सांगाल?' असं विचारा. त्याच्या सांगण्यातून जे गळेल, तेवढंच पुढच्या वेळी सुधारायचं.

नवशिका:
हे फार उपयोगाचं आहे. देहबोलीवरही वेळ द्यावा का? संवादातला ९३ टक्के भाग शब्दांविना असतो म्हणतात.

तर्कवेध:
तो आकडा विसरा. तो मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून आला, आणि त्यांचा विषय भावना आणि पसंती-नापसंती एवढाच होता: शब्द एक सांगतो आणि आवाज किंवा चेहरा दुसरंच, तेव्हा लोक कशावर विसंबतात? माहिती देण्याला तो आकडा लावताच येत नाही. ९३ टक्के अर्थ चेहऱ्यावर असता, तर परक्या भाषेतलं भाषण आपल्याला सहज कळलं असतं.

कानोसा:
ऐकण्याचा मुद्दा राहिला, तो जोडतो. संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी ०.२ सेकंदाच्या आसपास असतं. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार होत असतं. त्यामुळे प्रश्न विचारल्यावर मनात तीन सेकंद मोजा. शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांत पाहिलं, तर शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि 'माहीत नाही' कमी झालं. फोनवर मात्र शांतता म्हणजे लाइन तुटली असं वाटतं, तिथे 'हं, ऐकतोय' म्हणावं.

ऐकलेलं परत सांगताना त्यांचेच शब्द पोपटासारखे म्हणू नका, माणूस चिडतो. 'म्हणजे तारीख बदलल्याचा त्रास नाही, ती उशिरा कळवल्याचा आहे. बरोबर?' असं नेमकं विचारा. चुकलात तर समोरचा लगेच दुरुस्त करतो, आणि ती दुरुस्तीच मिळवायची असते. 'असं का केलं?' हे जाब विचारल्यासारखं लागतं. 'हे ठरवताना काय काय पाहिलंत?' याला उत्तर मिळतं.

वाक्यविचार:
अर्ध्या तासाचं विचारलं होतं ना? आठ प्रकारांत वाटू नका. वीस मिनिटं वरच्या चार पायऱ्या. उरलेल्या दहात दिवसभरातलं एक संभाषण आठवून दोन ओळी लिहा: समोरच्याला काय हवं होतं, आणि तुम्ही कशाचं उत्तर दिलंत. विषय आठवडाभर एकच ठेवा, म्हणजे सोमवारचं आणि शनिवारचं रेकॉर्डिंग शेजारी ठेवून मोजता येईल: निष्कर्ष कितव्या वाक्यात आला, आणि नाव नसलेले 'ते' किती उरले.