सहा कामगारांचं युनिट आहे. डब्ल्यूसी पॉलिसीत माणसं आणि पगार किती दाखवायचे?

पावडरकोटिंग_अंबड
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडला एक्सलो पॉइंटच्या पुढे आमचं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. पप्पा गेल्यापासून दीड वर्ष मीच बघते. सहा माणसं आहेत: दोघे पावडर फवारायच्या गनवर, एक ओव्हनला, तिघे हेल्पर. त्यातले दोघे गिरणारेहून बाइकवर येतात. सातपूरच्या एका मोठ्या कंपनीचं काम मिळतंय, पण व्हेंडर फॉर्मसोबत त्यांनी डब्ल्यूसी पॉलिसीची, म्हणजे कामावर कामगाराला इजा झाली तर मालकाने द्यायच्या भरपाईच्या विम्याची, कॉपी मागितली आहे. एजंट म्हणतो, चारच माणसं दाखवा, पगार नऊ-नऊ हजार टाका, प्रीमियम निम्म्याच्याही खाली येईल. खरे पगार 13 ते 17 हजार आहेत. सगळ्यांचा अपघात विमा मी बँकेतून काढलेला आहे, तो पुरणार नाही का? शेजारच्या गाळ्यातले काका तर म्हणतात, दहाच्या आत माणसं असली की हा कायदाच लागत नाही.

प्रेसशॉप_सातपूर
ताई, एजंटचं अजिबात ऐकू नका. मी ऐकलं होतं.

माझ्याकडे तीन पॉवर प्रेस आहेत. 2022 च्या दिवाळीआधी ब्रॅकेटची मोठी ऑर्डर होती, रात्री साडेनऊपर्यंत काम चालू होतं. एका पोराचा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, प्रेसच्या डायमध्ये (साच्यात) अडकला. तो काढायला त्याने हात घातला आणि पायाखालचं पेडल दाबलं गेलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली. वय 28, पगार 14 हजार. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं होती. काम उरकावं म्हणून ती बंद करून पेडलवर चालवायला मीच सांगितलं होतं. हे आजही मला विसरता येत नाही.

आता हिशेब सांगतो, कारण हा कुणी समजावून सांगत नाही. माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाचा आकडा. कायद्याच्या तक्त्यात 28 व्या वर्षाचा आकडा 211.79 आहे. म्हणजे 8,400 गुणिले 211.79, झाले 17,79,036. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची ताकद 20 टक्के गेली असं धरतात. म्हणून देणं निघालं 3,55,807 रुपये. मृत्यू झाला तर 60 च्या जागी 50 टक्के. पोरगं जितकं लहान तितका आकडा मोठा, आणि आपले हेल्पर सगळे विशी-पंचविशीतलेच असतात.

मी पॉलिसीत पगार नऊ हजार दाखवला होता. विमा कंपनीने त्याच प्रमाणात हात आखडला आणि 2,28,733 दिले. उरलेले 1,27,074 माझ्या खिशातून गेले. शिवाय हॉस्पिटलचं बिल 82 हजार. 2009 च्या दुरुस्तीपासून कामावरच्या जखमेचा औषधोपचाराचा खरा खर्चही मालकाच्याच अंगावर आहे. साध्या पॉलिसीत तो धरलेला नसतो, जादा प्रीमियम भरून वेगळा घ्यावा लागतो. मी घेतला नव्हता. प्रीमियममध्ये वाचवलेले पैसे वर्षाला तीन-साडेतीन हजार असतील.

तो पोरगा आजही माझ्याकडेच आहे, आता स्टोअर बघतो.

काकांचं म्हणणं चुकीचं आहे. दहाचा आकडा ईएसआयसीचा, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेचा. भरपाईच्या कायद्यात एक माणूस असला तरी जबाबदारी येऊ शकते. आणि बँकेचा अपघात विमा कामगाराला त्याची ठरलेली रक्कम देतो, त्याने तुमचं कायदेशीर देणं फिटत नाही. तो असू द्या, पण वेगळा.

कॉन्ट्रॅक्टर_पाथर्डीफाटा
दादांनी लिहिलंय त्यात थोडी भर. मोठी कंपनी कॉपी का मागते? तिच्या कामासाठी ठेकेदाराने लावलेल्या माणसाला तिच्या आवारात काही झालं, तर भरपाई थेट तिच्याकडे मागता येते. ती भरते आणि मग ठेकेदाराकडून वसूल करते. तुमची माणसं माल पोचवायला, टचअपला त्यांच्या गेटच्या आत जाणार असतील तर त्यांचं काम पॉलिसीत तसं लिहून घ्या.

21 नोव्हेंबर 2025 पासून भरपाईचा 1923 चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. तिच्यात घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघातही धरला आहे, वेळ, जागा आणि कामाचा संबंध दाखवता आला तर. गिरणारेहून बाइकवर येणाऱ्या दोघांसाठी हे एजंटला नक्की विचारा. आणि दहाच्या आत असलात तरी तुमची आणि बहुतेक कामगारांची तयारी असेल तर ईएसआयसीत जाता येतं. मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75. चौदा हजारांवर तुमचे 455 आणि त्याचे 105. त्यात घरच्यांचा दवाखानाही येतो. मग त्याच दुखापतीची भरपाई मालकाकडे वेगळी मागता येत नाही.

वेल्डर_सिन्नर
मी मालक नाही, पण लिहितो. एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडरचं चाक फुटून माझ्या उजव्या हाताचा अंगठा गेला. मालकाने वीस हजार दिले आणि स्टॅम्प पेपरवर सही घेतली, की यापुढे काही मागणार नाही. मी दोन वर्षं गप्प बसलो. अशा सहीने कामगाराचा हक्क जात नाही हे मला फार उशिरा कळलं. पूर्ण अंगठ्याचे तक्त्यात 30 टक्के आहेत. ताई, तुमच्या सहा जणांना पॉलिसीची कॉपी दाखवा. नाव आहे की नाही ते त्यांना बघू द्या.

पावडरकोटिंग_अंबड
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सहाही जणांची नावं, आधारवरचं वय आणि खरा पगार लिहून काढला. एका हेल्परला सगळे बाळा म्हणतात, त्याचं पूर्ण नाव मला काल पहिल्यांदा कळलं. वय 19. दादांच्या पद्धतीने त्याचा हिशेब करून बघितला आणि रात्री झोप लागली नाही. एजंटला सहा माणसं, पूर्ण पगार आणि औषधोपचार धरून नवीन कोटेशन द्यायला सांगितलंय.

वेल्डर दादा, कॉपी नोटीस बोर्डावर लावणार आहे.

प्रेसशॉप_सातपूर
छान केलंत ताई. कोटेशनमध्ये औषधोपचाराची प्रति माणूस मर्यादा लिहिलेली असेल. तोच आकडा पॉलिसीच्या कागदावर छापून आलाय ना, हे पैसे भरल्यावर त्याच दिवशी बघा. माझ्या एका मित्राचा तो फक्त व्हॉट्सॲपवरच राहिला होता. आणि हजेरीपटावर बाळाचं पूर्ण नावच लिहा, दाव्याच्या वेळी तोच पहिला मागतात.