सीएचबीवाल्यांनी संघटनेत जायचं की नाही? कॉलेज हमीपत्रावर सही मागतंय

तासिकावाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहायची वेळ आली. मी एका अनुदानित सीनियर कॉलेजात सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिकेप्रमाणे मानधनावर) आहे, हे चौथं वर्ष. नेट झालंय, पीएचडीचा थिसिस सबमिट केलाय. ऑर्डरवर आठवड्याला ९ तासिका आहेत पण प्रत्यक्षात नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइली, एनएसएसचं शिबिर, इंटर्नलचं सुपरव्हिजन, ॲडमिशनच्या दिवसांत टेबलावर बसणं हे सगळं आमच्याचकडे, आणि त्याचे पैसे शून्य. ऑगस्टपासूनचं मानधन अजून आलेलं नाही आणि आता जानेवारी संपत आलाय.

तर गेल्या आठवड्यात ऑफिसमधून आम्हा पाच जणांना बोलावलं आणि एक टाइप केलेलं हमीपत्र पुढ्यात ठेवलं. त्यात लिहिलंय की मी कोणत्याही शिक्षक संघटनेचा सभासद होणार नाही, कायम करा अशी मागणी करणार नाही आणि मानधनाबद्दल कॉलेजबाहेर कुठेही तक्रार करणार नाही. तिघांनी तिथंच सही केली, बिचाऱ्यांचा दोष नाही, घरी लहान पोरं आहेत. मी आणि एक मैत्रीण म्हणालो घरी वाचून देतो. ती मैत्रीण पाचव्या महिन्यात आहे, तिला तर तोंडी सांगूनच टाकलंय की आता तुम्ही विश्रांती घ्या, पुढच्या वर्षी बघू.

मला विचारायचंय ते हे की सही केली नाही तर कायद्यानं काय होऊ शकतं, सीएचबीवाल्याला संघटनेत घेतात का, आणि घेतलं तरी त्याचा उपयोग काय? कारण स्टाफरूममधले परमनंट सर मंडळी सातव्या वेतनाच्या फरकाबद्दल तासभर बोलतात आणि आमचा विषय निघाला की चहा प्यायला जातात.

निवृत्त_खडू

मॅडम, मी ३१ वर्षं शिकवलं, त्यातली ११ वर्षं कॉलेज युनिटचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडं ठाऊक आहे.

आधी हमीपत्र. संघटना करायचा हक्क घटनेच्या कलम १९(१)(सी) मधला आहे आणि तो असा कागदावर लिहून सोडून देता येत नाही, कोर्टात हे हमीपत्र टिकणं अवघड आहे. पण कोर्टापर्यंत जायची वेळ तुमच्यावर येणारच नाही, कारण कॉलेजला ते हमीपत्र वापरायचंच नाहीये, त्यांना फक्त तुमच्या मनात भीती ठेवायची आहे. सही न करणाऱ्याला ते काढत नाहीत, पुढच्या जूनमध्ये इंटरव्ह्यूचं पत्र पाठवत नाहीत, बस, संपलं. म्हणून 'सही करत नाही' असं ताडकन म्हणू नका. "मला याची एक प्रत द्या आणि हे कोणत्या शासन निर्णयाप्रमाणे किंवा विद्यापीठाच्या कोणत्या परिपत्रकाप्रमाणे मागितलंय ते लेखी कळवा" असा दोन ओळींचा अर्ज द्या, आवक नंबर घ्या आणि गप्प बसा. माझ्या अनुभवात निम्मी हमीपत्रं इथंच विरून जातात, कारण लेखी द्यायला कोणी तयार नसतं.

आता संघटना. इथं एक गैरसमज सगळ्यांनाच असतो की संघटना म्हणजे कारखान्यातल्या युनियनसारखी, लेबर कोर्टात जाईल, करार करेल. तसं नाही. १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लायच्या निकालात शिक्षणसंस्था औद्योगिक विवाद कायद्याच्या 'इंडस्ट्री'मध्ये आल्या, पण १९८८ मध्ये गोव्याच्या एका शिक्षिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शिक्षक हा 'वर्कमन' नाही. म्हणजे कारखाना आहे पण त्यातला कामगार मात्र कामगार नाही, अशी आपली गंमत. लेबर कोर्टाचा दरवाजा तिथंच बंद झाला. आपल्यासाठी दरवाजे वेगळे आहेत, २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात कलम ७९ खाली तक्रार निवारण समिती आहे आणि नोकरीवरून काढलं तर कलम ८१ खाली ट्रिब्युनलकडे अपील करता येतं, पण ते ३० दिवसांत. हे ३० दिवस लक्षात ठेवा, मी माणसं बघितली आहेत जी चार महिने संस्थाचालकांच्या घरी खेटे घालत राहिली आणि मग वकिलाकडे गेली. सीएचबीला ट्रिब्युनलमध्ये कॉलेजचा वकील पहिल्यांदा हेच म्हणतो की ही नेमणूकच तात्पुरती होती, त्यामुळे तुमच्या नेमणुकीला विद्यापीठाचं अप्रूव्हल आहे का हे आजच बघून घ्या. बरीच कॉलेजं प्रस्तावच पाठवत नाहीत.

सीएचबीला सभासद करून घेतात का हे त्या त्या संघटनेच्या घटनेवर आहे, जिल्ह्याच्या पदाधिकाऱ्याला सरळ फोन करा. उपयोग काय म्हणाल तर खरा उपयोग कोर्टात नाही, टेबलावर आहे. उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात, जिथं मानधनाची बिलं जातात, कोणत्या कॉलेजचं सीएचबीचं बिल आलं, कोणाचं त्रुटी काढून परत गेलं, हे संघटनेच्या माणसाला एका चकरेत कळतं, तुम्ही एकट्या गेलात तर दिवसभर बाकावर बसून याल.

बाकावरचा_भिडू

सर तुमचा अनुभव मोठा आहे, मान्य, पण थोडं कडू बोलतो. संघटनेला सीएचबी आठवतो तो मोर्चाला गर्दी हवी असते तेव्हा. मी २०१३ च्या परीक्षा बहिष्काराच्या वेळी नवीन होतो, एमफुक्टोचं म्हणजे प्राध्यापक संघटनांच्या राज्य महासंघाचं आंदोलन, मागण्या काय तर सहाव्या वेतनाची थकबाकी आणि १९९१ ते २००० मध्ये लागलेल्या, नेट-सेट पात्रता परीक्षा नसलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न. दोन्ही बरोबर होत्या, माझं काही म्हणणं नाही, त्यांचा ७१ दिवसांचा पगार अडकला आणि तो सोडवायला पुढं कितीतरी वर्षं भांडले. पण त्या काळात माझ्या तासिका बुडाल्या त्याचं काय? त्यांचा पगार अडकला म्हणजे कधीतरी मिळणार होता, माझा तास झालाच नाही तर तो कायमचा गेला. कोणी विचारलं नाही.

आणि दुसरं, कॉलेज विकास समितीवर तीन शिक्षक प्रतिनिधी निवडून जातात, मतदान कोणाला, तर पूर्णवेळ शिक्षकांना. अर्धं डिपार्टमेंट आमच्यावर चालतं आणि मत मात्र नाही. म्हणून माझं मत असं की सीएचबीवाल्यांनी आपली वेगळी एकजूट करावी, मोठ्यांच्या छत्रीखाली उभं राहिलं की पाणी आपल्याच अंगावर गळतं.

निवृत्त_खडू

भिडू, छत्रीचं बोललात ते खरं आहे, माझ्या काळातही आम्ही कमी पडलो. वेगळी एकजूट जरूर करा, फक्त दरवर्षी जूनमध्ये ज्यांची नावं बदलतात त्यांची संघटना टिकवणं सोपं नाही हेही बघा. आमच्याकडे दोन वेळा सुरू झाली आणि दोन्ही वेळा अध्यक्षांनाच पुढच्या वर्षी ऑर्डर मिळाली नाही.

ज्युनिअरचा_मास्तर

मध्येच एक सांगतो, कोणी ज्युनियर कॉलेजवाला हे वाचत असेल तर त्याला वरची कलमं लागू नाहीत हं. अकरावी-बारावीसाठी १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा, म्हणजे एमईपीएस, आणि त्याचं शाळा न्यायाधिकरण वेगळं. एकाच इमारतीत, एकाच स्टाफरूममध्ये बसतो म्हणून मित्रानं विद्यापीठाच्या समितीकडे अर्ज टाकला आणि तीन महिने वाया घालवले.

पाटी_पुसणारा

मी विनाअनुदानित इंजिनिअरिंगमध्ये. तुमच्याकडे निदान सहसंचालक तरी आहे, आमच्याकडे वरती फक्त ट्रस्टी आणि त्याच्यावर देव. खात्यात पगार पूर्ण जमा होतो आणि आठवड्याभरात ठरलेली रक्कम रोख परत न्यायची, इन्स्पेक्शनला पासबुक एकदम स्वच्छ. ओरिजनल मार्कलिस्ट कपाटात ठेवून घेतल्यात त्यामुळे सोडूनही जाता येत नाही.

संघटना वगैरे आमच्याकडे शब्दसुद्धा काढत नाही कोणी, पण एक गोष्ट आम्ही सहा जणांनी मिळून केली ती सांगतो. ग्रॅच्युइटी. ऑफिस म्हणत होतं प्राध्यापकांना ग्रॅच्युइटी नसते. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्षक त्या कायद्यात बसत नाहीत असं म्हटलं होतं हे खरंय, पण २००९ मध्ये संसदेनं कायदाच बदलला, तोही ३ एप्रिल १९९७ पासून लागू, आणि खासगी शाळा त्याविरुद्ध कोर्टात गेल्या तर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो बदल कायम ठेवला. पाच वर्षं सलग नोकरी झाली की सेवेच्या दर वर्षामागं १५ दिवसांचा पगार. आमच्यातले एक सर सोडून चालले होते, त्यांनी अर्ज केला, बाकी पाच जण नुसते त्यांच्याबरोबर ऑफिसात जाऊन उभे राहिलो. एक शब्द बोललो नाही कोणी. सात महिन्यांनी चेक मिळाला. याला युनियन म्हणायचं का माहीत नाही.

दोन_वेण्या

ताई, तुमच्या मैत्रिणीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. तिला म्हणावं घरी बसायचा 'सल्ला' ऐकू नकोस, निदान स्वतःहून राजीनामा किंवा 'वैयक्तिक कारणास्तव' असा अर्ज अजिबात लिहून देऊ नकोस, कॉलेजला नेमकं तेवढंच हवं असतं. मातृत्व लाभ कायद्यात (नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय) २६ आठवडे आहेत, आणि अट काय तर डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ मिळाला पाहिजे हे सुप्रीम कोर्टानं २००० मध्येच दिल्ली महापालिकेच्या केसमध्ये सांगितलंय, आणि २०२३ मध्ये असंही म्हटलंय की करार मध्येच संपला म्हणून लाभ थांबत नाही. गरोदर असताना काढून टाकलं तरी लाभ बुडत नाही. तासिकेवरच्या बाईला कॉलेज सुखासुखी देईल असं मी म्हणत नाही, भांडावं लागेल, पण भांडायला जागा आहे.

आता गोम अशी की ८० दिवस मोजणार कशावरून? मस्टरवरून. आपण सीएचबीवाल्या आठवड्यातले तीनच दिवस तासिका घेतो आणि बाकीचे दिवस नॅकच्या फाइली करायला जातो, तेव्हा मस्टरवर सही करू देत नाहीत, म्हणजे राबलेले दिवस कागदावर नसतातच! तिनं आजपासून रोज आल्याची वेळ आणि काम वहीत लिहावं आणि 'नॅकची फाइल पूर्ण केली' असा एक ईमेल दर वेळी विभागप्रमुखांना टाकावा. साधा, गोड भाषेत. मी हे फार उशिरा शिकले, माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे आणि मला तेव्हा एक रुपया मिळाला नाही.

बाकावरचा_भिडू

ईमेलची आयडिया भारी आहे. आणि पगाराबद्दल अजून एक, २०२५ मध्ये गुजरातच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजांमधल्या करारावरच्या असिस्टंट प्रोफेसरांना किमान वेतनश्रेणी द्या असा निकाल सुप्रीम कोर्टानं दिलाय, ३० हजारांवर राबवून घेत होते त्यांना. आपण तासिकेवर, करारावर नाही, त्यामुळे थेट लागू होईल असं नाही, पण वकिलाला दाखवायला कामाचं.

तासिकावाली

सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी परत येतेय. निवृत्त सरांनी सांगितला तसा दोन ओळींचा अर्ज मी आणि मैत्रिणीनं दिला. क्लार्कनं आवक नंबर द्यायला नको नको केलं, मग इंजिनिअरिंगच्या सरांचं आठवलं आणि सही केलेल्या तिघांनाही नुसतं काउंटरपाशी येऊन उभं राहा म्हटलं. दोघं आले. नंबर मिळाला. हमीपत्राचा विषय त्यानंतर कोणी काढलेला नाही, ती तिघांची मात्र फाइलमध्येच आहेत.

संघटनेच्या जिल्हा पदाधिकाऱ्यांना फोन केला, ते म्हणाले सभासदत्वाचं कार्यकारिणीत विचारून सांगतो, पण सहसंचालक कार्यालयात त्या दिवशी जाणार होते म्हणून आमचं बिल बघून आले. आमचं ऑगस्टपासूनचं बिल तिथं गेलेलंच नाही. पाच महिने आम्हाला 'वरून पैसे आले नाहीत' सांगत होते आणि बिल आमच्याच ऑफिसच्या कपाटात.

आता माहिती अधिकारात बिल पाठवल्याच्या तारखा मागायच्या का सरळ प्राचार्यांना भेटायचं यावर आमच्या पाचांत एकमत नाही. सर, तुम्ही काय केलं असतं?

निवृत्त_खडू

आधी प्राचार्य, पण पाचही जण एकत्र, आणि भेटीनंतर त्याच दिवशी 'आज आपण सांगितल्याप्रमाणे बिल अमुक तारखेपर्यंत जाणार आहे' असा ईमेल. ती तारीख गेली की दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज. अर्ज कोणाच्या नावानं टाकायचा ते मात्र नीट ठरवा, जूनमध्ये ज्याला ऑर्डरची गरज सगळ्यात कमी आहे त्याच्या. नाहीतर मला कळवा, मी टाकतो, माझं आता कोण काय वाकडं करणार.